अर्जातली बंदूक

बंदुकांवरून ग्रुपवर वाद घालणं मी का सोडलं, ते सांगतो. वेल्ह्याच्या आमच्या नानांकडं पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. दारू ठासायची, छर्रे भरायचे, मग एक बार. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

यंदा जमा करायचा अर्ज मी भरला. चापाच्या एका दाबात एकच गोळी सुटते ती सेमी-ऑटोमॅटिक, असं मी तेव्हा ग्रुपवर सगळ्यांना ठणकावत होतो. नानांचीही एकच सुटते, म्हणून 'प्रकार' या रकान्यात तेच लिहिलं. शिक्का बसला, पावतीवरही तेच उतरलं.

निकालानंतर बंदूक आणायला गेलो. हवालदारांनी पावती वाचली, बंदूक बघितली, पुन्हा पावती वाचली.

"यातली सेमी-ऑटोमॅटिक कुठाय?"

मी व्याख्या सांगायला लागलो.

"पुढची गोळी आपोआप भरते का हिच्यात?"

"नाही, दर बाराला ठासावी लागते," मी म्हणालो.

"मग कागदाप्रमाणं ही देता येत नाही."

इतका वेळ बाकावर बसलेले नाना उठले.

"सायेब, ह्यानं लिव्हलेली बंदूक तुमी ठिवून घ्या. माजी मला द्या, डुकरं भातात शिरल्यात."