शिवलेली उत्तरं

इंदरगंजच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी आत्या-भाची बसल्या होत्या. भाचीच्या मांडीवर गणिताचं जाडजूड संदर्भपुस्तक होतं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

"आत्या, मी गणित सोडते. माझं उत्तर किताबाशी जुळतच नाही."

"आधीच उत्तर बघायचा मोह नको म्हणून पानं तर तू दोऱ्याने शिवली होतीस."

"चारदा सोडवलं, मग उसवली. चारही वेळा सतरा आलं. छापलंय एकोणीस."

"सतरा समीकरणात घालून पाहिलंस?"

"पाहिलं. बसतं."

"आणि एकोणीस?"

"नाही बसत. पर किताब गलत कैसे होगी?"

"हे पेन घे, अवंतिका. एकोणीस खोड, सतरा लिही."

"मी?"

"चारदा कोणी सोडवलं? आणि घरी गेल्यावर पानं परत शिव. तुझ्या धाकट्या भावाला, ध्रुवला, पुढे तशीच लागतील."

"ध्रुवला नंतर. माझीच अजून सहा प्रकरणं बाकी आहेत."