आग पोटात, बंब डोक्याला

नाही, तुम्हीच सांगा, माणूस पोटाच्या डॉक्टरकडे पोट घेऊन जातो, आतड्याला जुनी सूज, सारखी धावपळ, आणि डॉक्टर लिहून काय देतो, तर चिंतेची गोळी! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

तुम्हाला सांगतो, मी निशिकांत, राहायला सिंगापुरात, बिशानला, नोकरी बँकेत, रिस्क मॅनेजमेंटला... हसू नका. दुसऱ्यांची जोखीम मोजतो आणि स्वतः घराबाहेर पडलो की टॉयलेट मोजतो. कुठल्या एमआरटी मेट्रो स्टेशनात ते तिकिटाच्या फाटकाच्या आत, कुठे बाहेर, लिटिल इंडियात कुठला मिठाईवाला पाव किलो बर्फीवर आत सोडतो, सगळं तोंडपाठ.

आता आपल्या लोकांत पोटाची लाज नाही हो. भरल्या ताटावर बसून "काय, साफ होतं ना?" असं खुशाल विचारतात. पण डोक्याची गोळी? शिव शिव! मी डॉक्टर लिमना म्हटलं, मी काय वेडा वाटतो? तर इथल्या पद्धतीनं शेवटी 'लाह' लावून म्हणतात, "नो लाह, मिस्टर निशिकांत! तुमचं पोट आणि मेंदू एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर. एक घाबरला की दुसऱ्याला लगेच फॉरवर्ड. सुजेच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, ही फक्त ग्रुप म्यूट करायला." घरी येऊन गोळीबरोबरचा कागद वाचला. दुष्परिणाम काय, तर सुरुवातीला जुलाब होऊ शकतात! अहो, ते माझ्याकडे आधीच होते, त्यासाठी गोळी कशाला? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबात रॉकेल!

मीनल, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "घे मुकाट्याने. आर्याला किती दिवस फसवणार आहेस?" आर्या आमची मुलगी. तिला वाढदिवसाला पुलाउ उबीनला सायकल चालवायला जायचं असतं. ते बेट. जायला लाकडी बोट, बोटीत टॉयलेट नाही, आणि भर पाण्यात 'काका, जरा कडेला घ्या' म्हणायची सोय नाही. दर वर्षी मी ऑफिसचं निमित्त काढायचो. यंदा ती म्हणाली, "नेव्हर माइंड, पापा. यू स्टे होम लाह." रागावली असती तर चाललं असतं हो. समजून घेऊन बोलली, ते लागलं. घेतली गोळी. सुरुवातीला कागद खरा ठरला, आणि मग हळूहळू... खालून बातमीच येईना!

गेलो उबीनला. बरोबर आमच्या इथल्या मराठी मंडळातला शिरीष आणि त्याची बायको सुलेखा. गोळ्या मी पाकिटातून कापून हिंगाष्टकाच्या बाटलीत लपवलेल्या. बोटीत रोजची वेळ झाली म्हणून एक काढली, तर हा शिरीष, गणपतीत आरतीला ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर, तो वाकून कानात पुटपुटतो, "ही चिंतेची ना? मीही घेतो. सुलेखाला सांगतो, पोटाची आहे." म्हटलं, अरे, पण माझी खरंच पोटाची आहे! "हो हो," डोळा मारतो, "मीही अगदी असंच म्हणतो." मी शपथ घेतली, आतड्याचं वर्णन केलं, आत कॅमेरा घातला होता तेही सांगितलं, तर पाठ थोपटतो, "तुझी तयारी माझ्यापेक्षा चांगली आहे रे."

आर्या पुढे सायकलवर, "पापा, फास्टर लाह!" आणि तुम्हाला सांगतो, वाटेत टॉयलेट मागे पडलं आणि मी ते मोजलंच नाही. रडू आलं मला. चढावर दम लागल्याचं निमित्त केलं.

तेव्हापासून मंडळातनं फोन सुरू, शिरीषनेच कानोकान पोचवलं असणार. "निशिकांत, जरा पोटाचं विचारायचं होतं..." आवाज इतका खाली, की ऐकूनच कळतं, हे पोटाचं नाही. मी म्हणतो, डॉक्टरकडे जा, लाजू नका. जातात बिचारे, बरं वाटतं त्यांना. आग ज्याच्या त्याच्या सोमेश्वरी, बंब मात्र बिशानचा! आणि माझ्या आतड्याला खरंच सूज आहे हो, पण त्यावर आता विश्वास फक्त माझ्या आतड्याचा.