खालचा फेज, वरचा न्यूट्रल

हिरामण : परत पडला! आता कशाला हात लावलास, आरू?

आरोही : जिन्याच्या बटणाला, पप्पा. गिझर, एसी, मिक्सर सगळं चालवून बघितलं, काही होत नाही. जिन्यातला दिवा लावला की दोन्ही मजल्यांचे आरसीसीबी स्विच एकदम पडतात.

खंडेराव : मघापासून खटाखट पडतंय ते? काढून टाक की, हिरामण! परवा वास्तुशांती हाय माझी. निम्मी दिंडोरी येणार म्हसरूळला. अंधारात जिना चढवू का पाव्हण्यांना?

आरोही : काका, ते काढलं तर कोणाला झटका बसल्यावर लाइट तोडणार कोण?

खंडेराव : गावाकडच्या घरात नाय असलं काही. काय बिघडलं आमचं?

हिरामण : खराब निघाले असतील, अण्णा. दुसरे आणून बसवतो.

आरोही : दोन्ही मजल्यांचे, एकाच दिवशी? तपासलेत मी, ठणठणीत आहेत. पप्पा, या दिव्याचा फेज कुठून घेतलाय?

हिरामण : खालच्या बोर्डातनं.

आरोही : आणि परतीचा न्यूट्रल?

हिरामण : वरच्या. दिवा वरच्या स्लॅबला हाय, तिथनं न्यूट्रल हातभर अंतरावर. खालनं कशाला ओढत बसायचं? तीस वर्षं असंच करतोय मी.

आरोही : तिथंच अडतंय. जुन्या घरांत आरसीसीबी नव्हते, म्हणून दिवा लागत राहिला. आरसीसीबी एकच गोष्ट बघतो, जेवढा करंट गेला तेवढा परत आला का. इथं खालच्याला दिसतं, गेलेला परत आलाच नाही. वरच्याला दिसतं, आपण पाठवलाच नाही तो आला कुठून. दोघंही पडतात. बरोबरच करतायत ते.

खंडेराव : अगं, नऊ वॅटचा दिवा तो!

आरोही : नऊ वॅट म्हणजे चाळीस मिलिअँपिअर, काका. याला पडायला तीस पुरतात.

हिरामण : मला पुस्तक नको शिकवू. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून जिने वायर करतोय मी.

आरोही : माहितीये. सकाळपासून त्रेचाळीस पॉइंट तपासले, एकात खोट काढता आली नाही. अर्थिंग दीड ओहम. किचनचं सर्किट वेगळं, गिझरचं वेगळं, प्रत्येक वायरीला नंबर. इतकं नीट काम मी मोठ्या सोसायट्यांतही बघितलं नाही. पण टेस्ट रिपोर्टवर सही माझी जाणार, आणि ती हा जिना असा असताना मी करणार नाही.

खंडेराव : हिरामण, पोरगी तुझी हाय का सरकारची? सही नाय तर पक्कं मीटर नाय, बांधकामाच्याच लाइटवर राहू का?

आरोही : पप्पा, समजा वरचा मेन बंद करून तुम्ही वरच्या बोर्डात हात घातला. तेवढ्यात खाली कोणी जिन्याचं बटण दाबलं. काय होईल?

हिरामण : काय व्हायचंय? मेन बंद हाय.

आरोही : मेन बंद म्हणजे वरचा न्यूट्रलही तुटला. खालून फेज निघाला, दिव्यातून वर आला. पुढं वाट नाही. मग?

हिरामण : मग... न्यूट्रलच्या वायरीत येऊन थांबंल. आयला.

(हिरामण जिन्याच्या पायरीवर बसतो.)

आरोही : काय झालं, पप्पा?

हिरामण : सटाण्याला गुरुजींच्या बंगल्यात झालं होतं हे. मीच वायर केलेला बंगला. वर पंखा लावत होतो. मेन ह्या हातानं बंद केलेला, तरी असा हाणला की शिडीवरनं थेट खाली. मनगट गेलं. इन्व्हर्टरचा करंट उलटा आला समजून इन्व्हर्टरवाल्याला काय काय बोललो मी! अन् फेज माझाच होता.

आरोही : हे मनगट? तुम्ही तर म्हणाला होता, गाडीवरून पडलो!

हिरामण : वायरमन झटका खाऊन पडला, हे काय पोरीला सांगायचं?

खंडेराव : बरं, झालं ते झालं. आता पाइपातनं खालनं एक वायर वर ओढ अन् मोकळा हो.

हिरामण : पाइपात जागा कुठं हाय? कॅमेऱ्याच्या केबली तुम्हीच त्यात घालायला लावल्या. भिंत फोडावी लागंल, अण्णा.

खंडेराव : ही? ही टेक्श्चरची? रंगारी चार दिवस नाक लावून बसला होता हिच्यावर!

हिरामण : त्याला मी बोलावतो. उद्या सांजेपर्यंत होती तशी भिंत देतो तुम्हाला.

खंडेराव : अन् हे सगळं ह्या कालच्या पोरीच्या सांगण्यावरनं?

हिरामण : कालची नाय, अण्णा. गेल्या महिन्यात सुपरवायझरचं लायसन मिळालंय तिला. आमच्या अख्ख्या भावकीत पयलं. तुम्ही एक करा, पाव्हण्यांनी भिंतीचं विचारलं तर झाकू नका. सांगा, वायरमनचं काम त्याच्याच पोरीनं नापास केलं.

खंडेराव : असं सांगू? तुला चालंल?

हिरामण : चालंल काय? मी नसलो तर मला बोलवून घ्या अन् माझ्यासमोर सांगा.

खंडेराव : तुम्हा दोघांपुढं काय बोलावं! फोडा. पण धूळ देवघरात जाऊ देऊ नका.

आरोही : पप्पा, छिन्नी मला द्या. मनगट दुखेल तुमचं.

हिरामण : तू रेघ मार पेन्सिलीनं, ओळंब्यात. फोडणार मी.

आरोही : असे अजून किती जिने असतील?

हिरामण : लय असतील. ज्या घरांत दोन मजल्यांना दोन मेन हायेत, ते आधी घेऊ. आडगावात दोन, घोटीला लताबाईंचा. सटाण्याला फोनवर नाय भागायचं, तिथं जाऊन सांगावं लागंल. घोटीचा नंबर लाव.

आरोही : आत्ता?

हिरामण : मग कधी?... हॅलो, लताबाई? हिरामण वायरमन बोलतोय, नाशकातनं. नाय, नाय, सहज नाय. तुमच्या जिन्यातल्या दिव्याचं काम हाय... हां, लागतोय, ठाऊक हाय मला. तरी येतो.