हिंदीतली ढाल

भिलाईच्या पावर हाउस स्टॉपहून दुर्गला जाणाऱ्या बसमध्ये गणिताच्या नूतन मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण कान मात्र पुढच्या सीटवर होते. तिथं एक आजोबा नातीला परीक्षेला घेऊन निघाले होते.

“आजोबा, दोन बिंदू दिलेत. ढाल काढायची आहे.”

“ढाल? मंग तलवार कोनापाशी हाय?”

“हिंदीतली ढाल हो! स्लोप. यातच मी मागच्या बारी फेल झाली.”

“चढाव म्हन ना! तीस साल मालगाडी हाकली म्या. सांग, किती चालली अन् किती चढली?”

“एक्स चारनं वाढला, वाय दोननं.”

“चार चालून दोन चढली, म्हंजे दोनात एक. बाप्पा! आमाले शंभरात एक चढाव असला तरी घाम फुटे. पेपर काढनाऱ्यानं कधी इंजन पाह्यलं का?”

“एक बटे दो. बरोबर आलं! आणि वाय कमी झाला तर?”

“उतार. मायनस लिव अन् ब्रेकवर हात ठेव.”

“आणि एक्स हललाच नाही, नुसता वाय चढला तर?”

“थे गाडी नाई पोरी, लिफ्ट. तिले चढाव कायचा?”

“पुस्तकातपण तेच आहे. परिभाषित नहीं, म्हणजे असा स्लोप सांगताच येत नाही!”

“मंग घाबरून कावून राहिली?”

बस थांबली. दाराखाली रस्ता उतरता होता. नातीनं आधी उतरून हात पुढे केला.

“हळू आजोबा, समोर ढाल आहे.”

आजोबांनी तो हात घट्ट धरला.

“समोर कुठं? माह्या हातात हाय.”