जादाची सात पुस्तकं

"हॅलो? … हॅलो, ठकू? … मोठ्याने बोल गं, केसांना रंग लावलाय, फोन कानाला टेकवता येत नाही. … रडतेयस की हसतेयस?"

थोरल्या बहिणीने फोन आरशाखालच्या फळीवर ठेवला. ती कॉलेजात इतिहास शिकवायची. चर्चला जाणं तिने शाळेत असतानाच सोडलं होतं. धाकटी मात्र तिथे दर रविवारी मुलांचा वर्ग घेई.

"हळू, हळू. पहिल्यापासून सांग. … हं. मुलांनी बायबलमधल्या पुस्तकांची नावं दोरीवर टांगली. छान. … आणि वर्गातल्या त्या चष्मेवालीने तिच्या आजीचं बायबल आणलं. … त्यात सात पुस्तकं जास्त! … असणारच, आजी कॅथलिक ना तिची? … मग तू काय सांगितलंस? … काय? … छापखान्याची चूक? … ठकू! अगं, छापखान्यात एखादी वेलांटी चुकते, सात पुस्तकं कशी चुकतील!

"नाही, नाही हसत. … आजी आत्ता येतायत? जाब विचारायला? … आणि त्या निवृत्त हेडबाई आहेत? … मेलीस तू. … गंमत केली गं. पाळकांना सांगितलंस? … वर्ग काढून घेतील? एवढ्यावरून? … बरं, ऐक. … अगं ऐक ना!

"कोणती पुस्तकं घ्यायची ते ठरवलं माणसांनीच. … हो, हो, माणसांनी. शतकानुशतकं वाद घालून. … छे, सम्राटाने हात वर करायला लावून मतं घेतली वगैरे काही नाही, ते भावोजींच्या व्हिडिओतलं सोड. … ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्या उपासनेत जे वाचत होत्या, तेच हळूहळू पक्कं झालं. चौथ्या शतकात एका बिशपने नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची नावं लिहिली, आज आपण वाचतो तीच. त्याआधी शेवटचं पुस्तक तर काहींना नकोच होतं! … ती सात? ती जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात होती, पहिले ख्रिस्ती तेच वाचायचे. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नव्हती, म्हणून पुढे आपल्या प्रोटेस्टंट लोकांनी बाजूला काढली. … झालं, एवढंच.

"मग देव कुठे गेला? … हे तू मला विचारतेस? … बरं, आपला अल्बम आठव. घरचं कोण नि परकं कोण, हे काय आईने ठरवलं? जे फोटो आपण पुन्हा पुन्हा काढून बघायचो, तेच तिने चिकटवले. … हो, आत्याचा जांभई देतानाचासुद्धा! केवढं भांडण त्यावर! … पण आईने निवडले म्हणून त्यातली माणसं खोटी ठरतात का? … नाही, याने सिद्ध काहीच होत नाही. पुस्तकं कशी जमली, ते मी सांगू शकते. त्यांतून तुझ्याशी कोण बोलतं, ते तूच सांगायचं."

मग ती स्टुलावर बसली आणि फोनकडे वाकली.

"ठकू, ते छापखान्याचं मात्र मागे घे. … कारण तेरा वर्षांची असताना मीही असंच विचारलं होतं, आणि मला दटावून बसवलं. … त्याने शंका गेली नाही गं, मी गेले. … ती चष्मेवाली जायला नको.

"आल्या? … ठेवू नकोस, फोन तसाच हातात धर."

पलीकडे खुर्ची सरकली. धाकटीचा आवाज आधी कापरा होता, मग सरळ झाला. थोरली ऐकत राहिली.

"सांगितलंस! शाबास गं माझी… … कोण? … आजी! नमस्कार, नमस्कार. … हो, मी तिची थोरली बहीण. … चूकच झाली तिची. … तुम्ही हसलात? … सगळं घर हसलं? … नातीने त्या सातही पुस्तकांवर काट मारली? अरे देवा! … पेन्सिलने? मग पुसता येईल. … वर्ग तिच्याकडेच राहू दे, हे पाळकांना तुम्हीच सांगा ना. … सांगाल? … दोन्ही बायबलं शेजारी ठेवून शिकवायचं? फारच छान. … कोणी? … मी?

"अहो आजी, मी चर्चला येत नाही. … तुम्ही विश्वासाचं विचारलंच नाहीत, खरंय. … पुढच्या रविवारी? … पण ही मुलं फार प्रश्न विचारतात हो. मला आलं नाही तर? … 'माहीत नाही' म्हणायचं? एवढंच? … चालेल त्यांना?"

तिने रंगाची पर्वा न करता फोन उचलून कानाला लावला.

"हो. … तेवढं मला जमेल. … येते."