शेवटच्या डब्याची पाटी

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या छंदवाल्या ग्रुपवर स्पर्धा होती. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची आगगाडी बनवायची आणि संध्याकाळी सहाच्या आत फोटो टाकायचा. सिडकोतल्या मिलिंदकडून मी दोनदा हरलोय, त्यामुळे यंदा जिंकायचंच होतं. गच्चीवर मालगाडी मांडली. ऊनही झकास पडलेलं.

तेवढ्यात सासरे वर आले. अप्पा निफाडकडे स्टेशनमास्तर होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण ते त्यांना अजून पटलेलं नाही.

"जावईबापू, शेवटच्या डब्याला पिवळी पाटी कुठाय?"

"अप्पा, फोटो पुढून काढतोय. मागचं दिसणारच नाही."

"पाटी नाही, म्हणजे मागचे डबे तुटून वाटेत राहिलेत. अशी गाडी सोडता येत नाही."

आणि ते हात आडवा धरून इंजिनासमोर उभे राहिले. पिवळा ठोकळा शोधून पाटी बसवेपर्यंत ऊन गेलं. माझा फोटो काळाकुट्ट आला.

पहिला नंबर अर्थात मिलिंदचा. त्याने फोटो मागून काढला होता. मी तो अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, माझा फोन हातात घेतला आणि ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला.

"पहिल्या नंबरच्या गाडीला पाटी नाही. तिचे राहिलेले डबे सापडेपर्यंत लाइन बंद. मागून कोणीही गाडी सोडू नये."

दोन महिने झाले. ग्रुपवर एकही गाडी आलेली नाही.