दारात न मावलेला फ्रीजर

...आणि वर मलाच विचारतात, फ्रीजर बंद पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात? अहो, काय करणार, त्याच्यापुढे हात जोडून उभा होतो! तुम्हाला सांगतो, सहा वर्षं... सहा वर्षं मी विद्यापीठात स्नायू गळत जाण्याच्या एका आजारावर पीएचडी करतोय, एकशे चाळीस पेशंटांचं रक्त दारोदार फिरून आणलं, ते ठेवलं त्या जुन्या फ्रीजरमध्ये, आणि तो वर्षभर असा घरघरत होता की शेजारच्या वर्गात मुलांना झोप लागेना. म्हणून लेखा विभागात गेलो. म्हटलं, साहेब, कॉम्प्रेसर बदलायचाय. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "पैसे आहेत हो, पण दुरुस्तीला नाहीत. नवीन घ्या."

घेतला! आणि तो प्रयोगशाळेच्या दारात अडकला. चार बोटांसाठी! आता चौकट काढली की झालं ना? तर "पैसे आहेत हो, पण चौकटीला नाहीत, ते बांधकाम खातं." मग तो राहिला व्हरांड्यात. तिथे प्लग नाही. प्लगला... पैसे आहेत हो, पण... पुढचं आता मीच म्हणायला लागलो होतो.

उद्घाटनाला मात्र पैसे होते हं! गालिचा, फुलं, फ्रीजरला रिबीन. कुलगुरूंनी ती कापली, दार उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, "वा, काय गार आहे!" अहो, वायर लोंबत होती त्याची! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करता...

त्याच रविवारी जुना गेला. सोमवारी उघडला तर आत पाणी आणि वास. एकशे चाळीस माणसं वितळून गेली होती. माझे गाईड सर पाठीवर हात ठेवून म्हणाले, मन घट्ट कर, प्रबंधाचं शीर्षक छान आहे तुझं.

मग पेपरात आलं, संशोधनाचा पैसा गेला कुठे? लगेच चौकशी समिती. तिच्या चहापाण्याला, गाड्यांना संशोधनाचाच निधी... समितीला पैसे आहेत हो! आणि समितीला बघायचे होते नमुने. सर म्हणाले, त्याच लोकांकडून पुन्हा आण, आठवडाभरात.

गेलो. यादीतलं पहिलंच घर. दार पेशंटच्या बायकोनं उघडलं. म्हणाली, "ते गेले हो, वर्ष झालं. पण त्यांचं रक्त आहे ना तुमच्याकडे? हात उचलत नव्हता तरी दिलं त्यांनी, म्हणायचे, पोरींच्या उपयोगी पडेल. आता थोरलीलाही जिना चढवत नाही."

मी म्हटलं, "आहे ना ताई. अगदी जपून ठेवलंय."

तुम्हाला सांगतो, जीभ अडखळली नाही, पापणी लवली नाही. शांतपणे थोरलीचं रक्त घेतलं, बाटलीवर बापाचा नंबर टाकला आणि निघालो. जाताना वाटलं, सहा वर्षं अगदीच फुकट नाही गेली... विद्यापीठात कायम व्हायला आता आपण लायक झालो.